ब्रिसीसची बाजू

आमच्या वाचनगटाने मॅडलिन मिलरची 'द साँग ऑफ अकिलिस' आणि पॅट बार्करची 'द सायलेन्स ऑफ द गर्ल्स' या कादंबऱ्या लागोपाठ वाचल्या, हे फार बरं झालं. युद्ध तेच, ट्रॉयचं. वीरही तोच. मिलरच्या २०११ सालच्या कादंबरीत अकिलिसची गोष्ट त्याचा जिवलग पॅट्रोक्लस सांगतो आणि वाचणाराही नकळत अकिलिसच्या प्रेमात पडतो. बार्करच्या २०१८ सालच्या कादंबरीत बहुतेक गोष्ट ब्रिसीस सांगते. अकिलिसने तिचं नगर लुटलं, तिचा नवरा मारला, भाऊ मारले आणि लुटीतला वाटा म्हणून तिला आपल्या तळावर आणलं. पहिल्या पुस्तकावर हळहळलेली माणसं दुसऱ्या पुस्तकाने अस्वस्थ झाली.

गटातल्या एका काकांचा आक्षेप होता, की हे आजचे विचार आहेत, होमरच्या माथी मारलेले. आक्षेप वजनदार होता, म्हणून आम्ही मूळ 'इलियड' काढलं. त्याच्या २४ सर्गांत ब्रिसीस एकदाच बोलते, १९व्या सर्गात, पॅट्रोक्लसचं प्रेत पाहून. डोळ्यांदेखत मारला गेलेला नवरा आणि तिघे भाऊ तिला आठवतात. त्या वेळी पॅट्रोक्लसनेच धीर दिला होता, अकिलिसशी तुझं रीतसर लग्न लावून देईन म्हणाला होता, हेही ती सांगते. तिच्यासोबत तळावरच्या बाकीच्या बायकाही रडू लागतात आणि होमर सांगून जातो, की त्या वरवर पॅट्रोक्लससाठी रडत होत्या, पण प्रत्येकीला रडू येत होतं ते स्वतःच्या दुःखाचं. बार्करची अख्खी कादंबरी मला या एका वाक्यातून उगवलेली वाटते. तिने होमरवर काही लादलेलं नाही. त्याने जे पाहून ठेवलं होतं, तिथे ती थांबली.

म्हणूनच तिने 'इलियड'च्या शेवटच्या सर्गातला प्रसंग उलटवला, तेव्हा तो आम्हाला ओढूनताणून आणलेला वाटला नाही. ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम आपल्या मुलाचं, हेक्टरचं प्रेत मागायला येतो आणि त्याला मारणाऱ्या अकिलिसच्या हातांचं चुंबन घेतो. आजवर कुणी केलं नाही ते मी करतो आहे, असं तो म्हणतो. बार्करची ब्रिसीस हे ऐकते आणि तिच्या मनात येतं, की ज्यांनी आपली माणसं मारली त्यांच्याच अंथरुणात बायकांना रोज जावं लागतंच. हे वाचून झाल्यावर आमच्याकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.

कादंबरीत मध्ये मध्ये काही प्रकरणं अकिलिसच्या बाजूने येतात, ती मात्र मला खटकली. आता कुठे ब्रिसीसला बोलायला मिळालं होतं, तेवढ्यात कथा पुन्हा त्याच्या हाती का द्यायची? यावर गटात एकमत झालं नाही. काहींच्या मते तीच प्रकरणं सर्वांत ताकदीची आहेत.

'मृत्युंजय' आणि 'युगान्त' वाचून वाढलेल्या मराठी वाचकाला जुन्या कथेकडे दुसऱ्या बाजूने पाहणं नवीन नाही. तरी मूळ काव्य शेजारी उघडं ठेवून वाचण्याची सवय आम्हाला आत्ता लागली. पुढचं पुस्तक मार्गारेट ॲटवुडचं 'द पेनेलोपियाड' आहे. ओडिसियस घरी परतल्यावर टेलेमॅकसने जहाजाच्या दोराने फासावर लटकवलेल्या १२ दासी त्यात बोलतात. 'ओडिसी'त हा प्रसंग २२व्या सर्गात, मोजक्या ओळींत येतो. आधी तो सर्ग मोठ्याने वाचायचा, मग ॲटवुड, असं ठरलं आहे.