'चालत जा' नव्हे, 'चला'



आमच्या नाहूरच्या घरात व्यायामाची सायकल आहे. तिच्यावर ओढण्या वाळतात. माझी शुगर वाढल्याचा रिपोर्ट आला तेव्हा मोठ्या हौसेने आणली. आठवडाभर चालवली. मग वह्या तपासायच्या, रोट्या करायच्या. 'उद्यापासून' म्हणता म्हणता सायकलची खुंटी झाली.

सुट्टीत दुबईहून आलेल्या भाच्याने व्हीआर चष्मा आणला. तो डोळ्यांवर चढवला की हॉलमध्ये डोंगरातला रस्ता उभा राहतो आणि शेजारी चित्रातली एक बाई सायकल चालवते. ती पुढे गेली की माझे पाय आपोआप जोरात फिरायचे. एरवी पाच मिनिटांत दमणारी मी, पंधरा मिनिटे उतरले नाही.

हे घडते कसे? 1920च्या दशकात ओटो कोहलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने बर्लिनच्या नौकानयनपटूंकडून वजने उचलून घेतली. जोडीतला एक थांबला की दुसऱ्यालाही थांबावे लागे. अशा वेळी दुबळा गडी एकट्याने टिकायचा त्यापेक्षा जास्त टिकला. आपल्यामुळे जोडीदाराचे नुकसान नको, ही भावना.

2012 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी हेच व्यायामाच्या सायकलवर पाहिले. एकट्या स्त्रिया सरासरी सुमारे 11 मिनिटे टिकल्या. पडद्यावर आपल्यापेक्षा तगडी जोडीदारीण दिसली तेव्हा सुमारे 20, आणि 'तुम्ही दोघी एक टीम' असे सांगितल्यावर जवळपास 22. ती जोडीदारीण खरे तर आधी चित्रित केलेली होती! पुढच्या एका प्रयोगात संगणकाने बनवलेला साथीदार दिला. तोही एकटेपणापेक्षा बरा ठरला, पण माणसाच्या सोबतीने सर्वांत जास्त फरक पडला.

भगिनींनो, खरी गोष्ट इथेच आहे. 2024 मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार भारतातल्या निम्म्या प्रौढांची हालचाल पुरेशी नाही. पुरुषांत हे प्रमाण 42 टक्के, स्त्रियांत 57. आपण आळशी म्हणून? घरकामात दिवस जातो आणि बाहेर पडायला सोबत नसते. डॉक्टर 'रोज चाला' म्हणतात, घरचे 'चालत जा' म्हणतात. 'चला' कुणी म्हणत नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) आणि हजरत आयशा (रजि.) यांच्या शर्यतीची हदीस आपल्याला ठाऊक आहे. एकदा त्या जिंकल्या, काही वर्षांनी प्रेषित (स.) जिंकले आणि हसून म्हणाले की, त्या हारची ही परतफेड. पत्नीला 'धाव' असे सांगून ते बाजूला उभे राहिले नाहीत, स्वतः सोबत धावले.

भाचा चष्मा घेऊन परत गेला. आता मगरिबनंतर मुंब्र्याची नणंद फोन लावते. ती तिच्या गच्चीवर चालते, मी इथे सायकलवर. अर्धा तास गप्पा होतात. कंटाळा आला तरी उतरत नाही, कारण तिकडे ती चालत असते. ओढण्या आता दोरीवर वाळतात.

ज्यांच्याकडे असा चष्मा आहे त्यांनी जरूर वापरावा; मात्र आजूबाजूचे टीपॉय-खुर्च्या हलवाव्यात, चक्कर आली तर लगेच थांबावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

आणि आज घरात पाहा, डॉक्टरांनी चालायला कुणाला सांगितले आहे? अम्मीला? सासूबाईंना? त्यांच्या चपला दाराशी ठेवा. शेजारी आपल्याही ठेवा.