गेट साडेसहाला उघडतं

आधीच सांगून टाकते. माझी शाळा कॉन्व्हेंटची. वर्गात मराठी बोललं की एक रुपया दंड, आणि माझे महिन्याला पंधरा-वीस तरी जायचे. तेव्हा या लेखात शुद्धलेखनाच्या चुका सापडल्या तर त्या त्या दंडाच्या खात्यात टाका. घरी आम्ही पक्के वसईकर, मराठी आजीच्या वाडीत शिकले, त्यामुळे जे बरं वाटेल ते श्रेय आजीचं.

लेख लेडीज हॉस्टेलच्या गेटबद्दल आहे आणि देवाबद्दलही आहे. मराठी विभागाच्या संपादकाने हे ऐकल्यावर विचारलं, "नक्की कशाबद्दल?" मी म्हटलं, छाप तर, मग कळेल.

तर आपल्या लेडीज हॉस्टेलचं गेट सकाळी साडेसहाला उघडतं. बॉईज हॉस्टेललाही गेट आहे म्हणे, पण ते कधी बंद होतं हे अजून कोणी पाहिलेलं नाही. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, त्यामुळे आमचं फारसं बिघडत नाही. पण मे-जूनमध्ये तो सहाच्या आतच वर येतो आणि आम्ही गजांमधून त्याला गुड मॉर्निंग करतो. दोन वर्षं मला याचं काहीच वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर दोन वर्षं मी साडेसहाला कधी जागीच नव्हते.

मग गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या ऑगस्टमध्ये, चौथ्या सेमचा रिझल्ट लागला. इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स गेला. मुंबईकडे आम्ही त्याला केटी म्हणतो, इथे 'बॅक' म्हणतात. नाव काहीही द्या, घरी सांगताना तोंड तितकंच कोरडं पडतं. वर्गात ज्यांना केटी ही रोजची गोष्ट आहे त्यांना हसू येईल, पण मी दहावीपर्यंत पहिल्या तिनांत असलेली मुलगी. फोनवर आई म्हणाली, "मी रोझरी करतेय ना तुझ्यासाठी." मी फोन ठेवला आणि त्या दिवसापासून प्रार्थना बंद केली. रागाने नाही. बोलायला काही उरलंच नव्हतं. रात्रभर जागायचं, रील्स वर सरकवत राहायचं, मेसला जायचं नाही, लेक्चरला मागच्या बाकावर. इंजिनिअरिंग सोडायचं हे मनात जवळजवळ ठरलं होतं. फक्त कोणाला आधी सांगायचं ते ठरत नव्हतं.

अशाच एका पहाटे सव्वापाचला दुधाचा टेम्पो आला. वॉचमन मावशींनी गेट उघडलं आणि मी टेम्पोच्या बाजूने बाहेर पडले. (मावशींना कोणी बोलू नये. त्यांनी गेट दुधासाठी उघडलं होतं.) कुठे जायचं हे ठरलं नव्हतं. वर्कशॉपच्या मागे जुनी विहीर आहे ना, तिच्या कठड्यावर जाऊन बसले. हळूहळू उजाडलं. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणींची घरटी लटकत होती, दहा-बारा तरी असतील. दोन वर्षं या विहिरीवरून वर्कशॉपला गेले, फिटिंगच्या जॉबला फाइल घासत बसले, पण मान वर करून कधी पाहिलंच नव्हतं.

शाळेत बहिणाबाईंची सुगरण वाचली होती, तिथे घर बांधणारी ती असते. प्रत्यक्षात बांधतो तो. पिवळ्या डोक्याचा नर गवताच्या, उसाच्या पात्याच्या बारीक चिरफळ्या आणून विणतो. अर्धं झालं, शिरस्त्राणासारखं दिसायला लागलं, की माद्या येऊन तपासणी करतात. पसंत पडलं तर पुढचं काम, नाही तर घरटं तसंच अर्धवट लटकत राहतं. मी बघत होते तेव्हा एक मादी आली, आत डोकावली, फांदीवर दोन सेकंद बसली आणि निघून गेली. एक्स्टर्नलनेसुद्धा माझी व्हायवा इतक्या लवकर संपवली नव्हती! तो बिचारा थोडा वेळ नुसता बसून राहिला. मग उडाला, आणि परत आला तेव्हा चोचीत हिरवी पात होती. शेजारच्या फांदीला त्याने नवी गाठ मारायला घेतली.

मला हसू आलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. बाभळीवर त्याच्या तीन-चार केट्या लटकत होत्या, सगळ्या जगाला दिसतील अशा, आणि हा पठ्ठ्या चौथी गाठ मारत होता.

आता कोणी म्हणेल की मग तिला देव भेटला. तसं काही झालं नाही. आकाशातून आवाज आला नाही. एवढंच झालं की मला भूक लागली. परत येऊन मेसमध्ये दोन प्लेट पोहे खाल्ले. पण पोहे खाता खाता डोक्यात एक गोष्ट आली, ती गेले सहा महिने जात नाहीये, म्हणून हा लेख.

शाळेत सिस्टर प्रार्थनेच्या वेळी सांगायच्या, "हँड्स जॉइन, आईज क्लोज." माझ्या डोक्यात देव म्हणजे डोळे मिटल्यावर येणारा कोणीतरी, असंच बसलं होतं. पण शुभवर्तमान उघडून बघा. मत्तयच्या सहाव्या अध्यायात, डोंगरावरच्या प्रवचनात, येशू लोकांना चक्क पाखरांकडे बघायला सांगतो, रानातल्या फुलांकडे बघायला सांगतो. समोर बसलेली माणसं उद्या काय खायचं या विवंचनेतली. त्यांना तो डोळे मिटायला सांगत नाही, उघडायला सांगतो. इतकी सोपी आज्ञा दुसरी नसेल, आणि आम्ही ख्रिस्ती लोक सगळ्यात कमी पाळतो तीही हीच. आम्ही त्या वचनाचे चार्ट पेपरवर थर्माकोलची फुलं चिकटवून बोर्ड सजवायचो. खिडकीबाहेर खरी फुलं होती.

आणि त्या पुस्तकात किती गोष्टी बाहेर घडतात ते पाहा. सरोवरावर, होडीत, शेताच्या बांधावरून जाताना, अम्माऊसच्या रस्त्यावर चालता चालता. सगळ्यात मोठी गोष्ट तर बागेत. योहानच्या विसाव्या अध्यायात मग्दालिया मरिया अंधार असतानाच कबरीकडे निघते. रडता रडता वळते, समोर उभा असलेला तिला माळी वाटतो, आणि तो नावाने हाक मारतो तेव्हा कुठे तिला कळतं. पुनरुत्थानाची पहिली खबर एका बाईला मिळाली, कारण ती उजाडायच्या आधी घराबाहेर पडली होती. मरिया आपल्या हॉस्टेलला असती तर? साडेसहाची वाट बघत गेटशी उभी राहिली असती, आणि ईस्टर पुढे ढकलावा लागला असता.

हे मी आजीला फोनवर सांगितलं. आजीचं सगळं आयुष्य वाडीत गेलं. केळी, पानवेल, मोगरा, रहाटाचं पाणी. ती जोक ऐकून हसली नाही. म्हणाली, "माळी वाटला त्यात तिची चूक काय? माळीच तो." एवढंच बोलून तिने तिकडच्या पावसाची चौकशी सुरू केली.

आजी म्हणजे फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या 'हरित वसई'च्या मोर्च्यांना गेलेली बाई. वसईतली झाडं आणि गोडं पाणी वाचावं म्हणून एक धर्मगुरू रस्त्यावर उतरतो, धमक्या पचवतो, हे तिने पाहिलेलं. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा आजीने गल्लीत पेढे वाटले होते, आणि जुलै २०२४ मध्ये ते गेले तेव्हा ती दोन दिवस नीट जेवली नाही. तिच्यासाठी चर्च आणि विहीर या वेगळ्या गोष्टी नाहीतच. आणि आपल्या मराठीत हे काही नवीन नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांना 'फुलांमुलांचे कवी' म्हणतात, आणि बालकवी कोवळ्या वयात अहमदनगरला त्यांच्या घरी राहिले होते. फुलं आणि श्रद्धा एका घरात नांदली की काय होतं ते मराठी वाचकाला मी सांगायला नको.

इथे आपले स्टाफरूममधले काही सर आणि बरेचसे मित्र म्हणतील, हे ठीक आहे, पण तू इंजिनिअर होणार ना? आकाश निळं का दिसतं हे फर्स्ट इयरला शिकलीस, रेले स्कॅटरिंग. पहिल्या पावसाचा वास म्हणजे मातीतल्या जिवाणूंनी बनवलेलं जिओस्मिन. एकदा कारण कळलं की आश्चर्य संपलं.

माझा अनुभव नेमका उलटा आहे, आणि यात मी एकटी नाही. १९२१ साली बोटीच्या प्रवासात सी. व्ही. रामन भूमध्य समुद्राच्या निळाईकडे बघत राहिले. समुद्रात आकाशाचं प्रतिबिंब पडतं म्हणून तो निळा, हे उत्तर त्यांना पटेना. तिथून सुरू झालेलं काम २८ फेब्रुवारी १९२८ ला रामन इफेक्टपर्यंत पोचलं आणि १९३० ला नोबेलपर्यंत. आपण त्या तारखेला सायन्स डे म्हणून पोस्टर काढतो, ऑडिटोरियममध्ये, पडदे लावून! आणि दुसरा माणूस म्हणजे माझा जुना शत्रू जेम्स क्लर्क मॅक्सवेल, ज्याच्या चार समीकरणांनी माझा निकाल लावला. केटीचा अभ्यास करताना त्याच्याबद्दल वाचलं. केंब्रिजची कॅव्हेंडिश लॅबोरेटरी १८७४ मध्ये उभी राहिली, तो तिथला पहिला प्राध्यापक. तिच्या लाकडी दारावर १११ व्या स्तोत्रातलं एक वचन लॅटिनमध्ये कोरलेलं आहे. परमेश्वराची कामं थोर आहेत आणि ज्यांना त्यांत गोडी वाटते ते त्यांचा शोध घेत राहतात, अशा अर्थाचं. मॅक्सवेल श्रद्धाळू ख्रिस्ती होता. प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर आहे हे ज्याने गणिताने दाखवलं, त्याला पहाटेचा उजेड कमी सुंदर दिसला असेल असं मला वाटत नाही. हे वाचल्यावर तो विषय मला सोपा झाला असं मुळीच नाही. पण पुस्तक उघडताना पोटात गोळा यायचा तो येईनासा झाला.

इतका वेळ मी फार छान छान बोलले. आता जे बोलायला जड जातं ते.

माझी रूममेट मराठवाड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. ऑगस्टमध्ये मी तिला सुगरणीचं सगळं रंगवून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमचं बरंय गं. तुम्ही आभाळाकडे मजा म्हणून बघता. आमच्याकडे बघतात ते हिशोब म्हणून." मला तेव्हा ते लागलं, पण उत्तर सुचलं नाही. मग सप्टेंबर आला. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. तिच्या वडिलांचं सोयाबीन काढणीला आलेलं, ते पाण्यात गेलं. बांधाकडची मातीसुद्धा खरवडून नेली. ती रात्रभर गॅलरीत फोन कानाला लावून उभी होती. त्या रात्री मी तिला पाखरांचं आणि फुलांचं काहीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने माझ्या थोबाडीत मारायला हवी होती.

निसर्गात फक्त गोड तेवढंच बघायचं, कॅलेंडरवरच्या फोटोसारखं, आणि त्याखाली एक वचन छापायचं, याची मला तेव्हापासून चीड आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी येतात तसली. ज्याने पाखरांकडे बघा म्हटलं, त्याला क्रूसावर चढवलं तेही उघड्यावरच, शहराबाहेर. त्या दुपारी अंधार पडला असं लिहिलंय. श्रद्धा म्हणायची तर ती त्या दुपारसकट. मला याचं पूर्ण उत्तर येत नाही. मी थिऑलॉजी शिकत नाही, इलेक्ट्रोमॅग्नेटिक्ससुद्धा धड येत नाही. मी एवढंच केलं की दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर त्या विहिरीवर जाऊन बसले. तिने प्रार्थना केली नाही, मीही मोठ्याने केली नाही. मनातल्या मनात मात्र केली, दोन महिन्यांनी, डोळे उघडे ठेवून.

मग दिवाळीनंतर एकदा तिला घरून फोन आला. वडील म्हणत होते, "वाफसा आलाय, उद्या हरभरा पेरतोय." तिने फोन ठेवला आणि मला सांगितलं. वाफसा हा शब्द मला माहीतच नव्हता. ती हसली आणि समजावून सांगितलं. पाणी मुरून जातं, जमीन ना चिखल ना कोरडी, मुठीत धरली तर ढेकूळ होतं आणि दाबलं तर फुटतं, तेव्हा बी धरतं. त्याच्या आधी पेरलं तर कुजतं, नंतर पेरलं तर उगवत नाही. मी विचारलं, "बी-बियाण्याला पैसे कुठून आणले?" ती म्हणाली, "उसने." दोन महिन्यांपूर्वी ज्या जमिनीने सगळं नेलं, त्याच जमिनीत उसन्या पैशांचं बी. मी आयुष्यभर 'होप' हा शब्द प्रेअर बुकमध्ये वाचत आले, पण तो शेतात कसा दिसतो ते मला माझ्या रूममेटने दाखवलं, आणि ती ख्रिस्ती नाही.

तर आता गेटचं. रेक्टर मॅडमना आम्ही अर्ज दिलाय. गेट पावणेसहाला उघडावं, जाताना रजिस्टरमध्ये सही करू, दोघी-दोघींनी जाऊ, कॅम्पसबाहेर जाणार नाही. मॅडमना आमच्या सुरक्षेची काळजी आहे हे मान्य आहे, आणि ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण कॅम्पसमधली विहीर, बाभूळ आणि ग्राउंड पहाटे मुलांसाठी सुरक्षित आणि मुलींसाठी धोक्याचं असेल, तर कुलूप विहिरीकडच्या अंधाराला लावा. तिथे दोन दिवे आणि एक वॉचमन द्या. आम्हाला कुलूप लावून काय होणार? आणि खोलीत रात्र काढणाऱ्या मुलीला किती एकटं वाटतं हे रजिस्टरमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. मी ऑगस्टमध्ये बाहेर पडले ती केवळ टेम्पो लवकर आला म्हणून.

डिसेंबरमध्ये इलेक्ट्रोमॅग्नेटिक्सचा पेपर परत दिला. निकाल अजून लागायचाय. बाभळीवर आता सुगरणी नाहीत, पावसाळ्यात परत येतील. अर्धवट घरटी मात्र अजून लटकलेली आहेत, कोणाला बघायची असतील तर वर्कशॉपच्या मागे, विहिरीच्या डाव्या अंगाला. अर्जाचं उत्तर आलेलं नाही. तोपर्यंत दुधाचा टेम्पो सव्वापाचला येतो.