कार्ड मागणारे आणि कार्ड देणारे

2012 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात एक मजेशीर पेच उभा राहिला. मतदानाच्या वेळी छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवलेच पाहिजे, असा कायदा राज्याच्या विधिमंडळाने मार्चमध्ये केला होता. पिट्सबर्ग शहर ज्या ॲलेघेनी काउंटीत येते, तिचे प्रमुख रिच फिट्झजेराल्ड या कायद्याचे कडवे विरोधक. पण त्यांना वाट सापडली ती कायद्यातच. मान्य ओळखपत्रांच्या यादीत महाविद्यालयांनी आणि वृद्धांच्या शुश्रूषागृहांनी दिलेली कार्डेही होती. काउंटीच्या मालकीची ‘केन’ नावाची चार शुश्रूषागृहे होती आणि हाताशी कम्युनिटी कॉलेजही होते. मग कोणाही नोंदणीकृत मतदाराला या संस्थांमार्फत कार्ड देण्याचे काउंटीने जाहीर केले. फिलाडेल्फियाच्या शेजारची माँटगोमेरी काउंटीही त्याच वाटेने निघाली. तिथल्या कमिशनर मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष जॉश शापिरो पुढे राज्याचे गव्हर्नर झाले.

याला कोणी पळवाट म्हणेल. पण मतदाराच्या हातात कार्ड पडावे हाच कायद्याचा हेतू असेल, तर ते पाडणाऱ्यावर रागावण्याचे कारण काय?

कायद्याच्या बाजूने पहिला युक्तिवाद नेहमीचाच: ओळखपत्राला विरोध करणाऱ्यांना बोगस मतदान हवे असते. या बाबतीत फिलाडेल्फियाची कीर्ती काही धुतल्या तांदळासारखी नाही. 1993 मध्ये राज्याच्या सिनेटच्या एका जागेसाठी तिथे झालेल्या निवडणुकीत टपाली मतांचा असा घोटाळा झाला की, पुढच्या वर्षी संघीय न्यायाधीशांनी विजयी उमेदवार बिल स्टिन्सन यांना घरी पाठवले. मायकेल मायर्स या माजी काँग्रेस सदस्याने तर निवडणूक केंद्रावरच्या अधिकाऱ्यांना पैसे चारून 2014 ते 2018 या काळात खोटी मते घुसवली. 2022 मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि तो तुरुंगात गेला. पण यातले कोणते पाप केंद्रावर कार्ड मागून टळले असते? पहिल्या प्रकरणात मते पाकिटातून आली, दुसऱ्यात कार्ड तपासणाराच सामील होता. दुसऱ्याच्या नावावर प्रत्यक्ष केंद्रात येऊन मत देणारा तोतया हाच एक गुन्हेगार या कायद्याला पकडता आला असता. आणि असल्या तोतयागिरीची राज्यात एकही चौकशी किंवा खटला आपल्याला ठाऊक नाही, असे राज्य सरकारने या कायद्याविरुद्धच्या खटल्याच्या 2012 मधल्या सुनावणीआधी न्यायालयात लेखी मान्य केले होते.

दुसरा युक्तिवाद: कार्ड तर सगळ्यांकडे असतेच. 99 टक्के मतदारांकडे ते आहे, असे सरकार सांगत होते. पुढे त्याच सरकारने मतदारयादी वाहन परवान्यांच्या नोंदींशी ताडून पाहिली, तेव्हा सुमारे 7 लाख 58 हजार नावे जुळेनात, म्हणजे 9 टक्क्यांहून जास्त. फिलाडेल्फियात हे प्रमाण 18 टक्के निघाले. यातली काही नावे नुसत्या स्पेलिंगच्या फरकाने अडली असतील, हे मान्य. निम्मी वगळली तरी उरलेला आकडा लहान नाही.

मराठी वाचकाच्या मनातला प्रश्न मात्र वेगळा असेल. आपण नाही का वर्षानुवर्षे कार्ड दाखवून मत देत? मुख्य निवडणूक आयुक्त शेषन यांच्या काळात, 1993 पासून, फोटोचे मतदार ओळखपत्र आले. गडचिरोलीतल्या शेतमजुराला ते जमते, तर श्रीमंत अमेरिकनाला का जमू नये? आक्षेप बिनतोड वाटतो, पण त्यातच उत्तर दडले आहे. आपल्याकडे मतदारयादी करणारी यंत्रणाच ओळखपत्र देते आणि ते फुकट देते. नाव नोंदवून घ्यायला वस्तीपातळीवर मतदान केंद्रस्तरीय अधिकारी (बीएलओ) नेमलेला असतो. कार्ड हरवले असेल, तर यादीत नाव असलेल्याला आधार, फोटो असलेले बँकेचे किंवा पोस्टाचे पासबुक, मनरेगाचे जॉबकार्ड असे पर्याय असतात. 2024 च्या लोकसभेला असे डझनभर कागद चालत होते. पेनसिल्व्हेनियात मतदार नोंदवायचा काउंटीने आणि कार्ड द्यायचे वाहन परवाने देणाऱ्या राज्याच्या खात्याने. 67 काउंट्यांच्या राज्यात मतदान केंद्रे सुमारे 9,300, तर परवाना कार्यालये 71. काही काउंट्यांत एकही नाही. मतदानासाठीचे कार्ड म्हणायला मोफत; पण ते मिळवायला सोशल सिक्युरिटी कार्ड, शिक्क्याचा जन्मदाखला आणि राहत्या पत्त्याचे दोन पुरावे लागत. गाडी चालवणे सोडून दिलेल्या ऐंशीच्या आजीबाईने तिथवर जायचे कसे? भारताचा दाखला द्यायचाच तर तो पुरता द्यावा. कार्ड मागण्यापुरताच उचलू नये.

काउंट्यांचा विरोध पक्षीय होता, असाही आरोप होतो, आणि तो खोटा नाही. फिट्झजेराल्ड आणि शापिरो दोघेही डेमोक्रॅट. पण कायदा करणारेही संन्यासी नव्हते. राज्याच्या प्रतिनिधिगृहातले रिपब्लिकन बहुमताचे नेते माइक तुर्झाई यांनी जून 2012 मध्ये पक्षाच्या मेळाव्यात कामगिरीची यादी वाचताना, या कायद्यामुळे पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार मिट रॉम्नी राज्य जिंकतील, असे उघड सांगून टाकले. (कायदा त्या निवडणुकीत लागू झाला नाही आणि रॉम्नी तिथे हरले, ही गोष्ट निराळी.) राजकारण दोन्हीकडे होते. फरक एवढाच की, एका बाजूचे राजकारण कार्ड वाटून साधत होते.

शिवाय काउंट्यांना एक गोष्ट राजधानी हॅरिसबर्गपेक्षा नीट दिसत होती. मतदान केंद्र चालवते काउंटी, आणि शुश्रूषागृहही चालवते काउंटीच. परवाना संपलेला म्हातारा आणि केंद्रावरून परत पाठवला जाणारा मतदार ही एकच व्यक्ती आहे, हे कळायला तिला आकडेवारीची गरज नव्हती.

अशा कायद्यांनी एकूण मतदान फारसे घटत नाही, असे देशभरातील आकडे तपासणारे अर्थशास्त्रज्ञ कँटोनी आणि पॉन्स यांनी 2021 मध्ये दाखवले. समर्थक हा अभ्यास आवडीने सांगतात. त्याच अभ्यासात गैरप्रकारांवरही या कायद्यांचा परिणाम दिसला नाही, हे मात्र ते सांगायचे विसरतात.

जानेवारी 2014 मध्ये न्यायाधीश बर्नार्ड मॅकगिन्ली यांनी कायदा रद्द केला, तो ओळखपत्र मागणेच गैर म्हणून नव्हे, तर ते विनासायास मिळण्याची सोय राज्याने केली नाही म्हणून. मे महिन्यात गव्हर्नर टॉम कॉर्बेट यांनी अपील करायचे नाही, असे ठरवले. फोटो ओळखपत्राला बहुसंख्य अमेरिकनांचा पाठिंबा आहे, त्यामुळे हा विषय तिथे पुन्हा पुन्हा येत राहतो. 2005 मध्ये माजी अध्यक्ष जिमी कार्टर आणि माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांच्या आयोगाने ओळखपत्राची शिफारस केली, तेव्हा कार्डे मोफत द्यावीत आणि ती देण्यासाठी सरकारने लोकांपर्यंत पोचावे, असेही सुचवले होते. विधिमंडळाला कायदा पुन्हा आणायचाच असेल, तर त्याने त्या शिफारशीचा उरलेला अर्धा भागही आणावा: मतदार नोंदवणाऱ्या काउंटी कार्यालयालाच तिथल्या तिथे फोटो काढून कार्ड देण्याचा अधिकार, आणि त्यासाठीचा पैसा राज्याच्या तिजोरीतून.