उंदरानंतरचा प्राणी कोण?

यकृताच्या कर्करोगाचे निदान झाले की कसालच्या माणसाला महामार्गावरच्या दोनच दिशा उरतात : दक्षिणेला बांबोळी, नाहीतर उत्तरेला परळ. तिथे त्याच्यावर होणारा उपचार आधी कोणावर करून पाहिला होता, हा प्रश्न आम्हांस केवळ तात्त्विक वाटत नाही.

'उंदरांचा कर्करोग बरा झाला' असली वृत्ते आपल्याकडे उत्साहाने छापली जातात. उंदराचे यकृत दोन ग्रॅमांच्या आतबाहेर, माणसाचे सुमारे दीड किलोचे. जांघेतल्या धमनीतून नळी सरकवून गाठीचा रक्तपुरवठा तोडणे, सुईच्या उष्णतेने गाठ जाळणे, हे उपचार आकाराशी बांधलेले आहेत. माणसासाठी घडवलेली नळी उंदरात शिरत नाही, डुकरात शिरते. म्हणूनच जनुके बदललेल्या 'ऑन्कोपिग' या डुकराचे महत्त्व. त्याची माहिती अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झाली.

'प्राणीच नकोत' म्हणणारे यावर फियालुरिडीनचा दाखला देतील, आणि तो खरा आहे. काविळीच्या ब विषाणूवरचे हे औषध उंदीर, कुत्री, माकडे यांच्या चाचण्यांतून पार पडले होते. १९९३ साली अमेरिकेत ते १५ रुग्णांना दिले गेले. त्यांपैकी पाच दगावले. पण दाखला इथे संपत नाही. वुडचक हा खारीच्या कुळातला, मांजराएवढा प्राणी. त्याला तशाच विषाणूने यकृताचा कर्करोग होतो. पुढे त्याला हेच औषध अधिक काळ दिले, तेव्हा तीच घातक इजा दिसली. म्हणजे प्राणी निरुपयोगी नव्हते. प्राण्याची निवड आणि चाचणीची मुदत चुकली होती.

डुकराची भलामण आम्ही डोळे मिटून करीत नाही. माणसाचा हा कर्करोग बहुधा वर्षानुवर्षे झिजून निबर झालेल्या यकृतात उगवतो. निरोगी डुकरात उठवलेली गाठ त्याची अर्धीच नक्कल होय. भारताने २०२३ साली औषधचाचणीच्या नियमांत पेशी आणि संगणक यांवर आधारलेल्या पर्यायांना वाट करून दिली, तिचेही आम्ही स्वागत करतो. विषबाधेचा अंदाज त्या पर्यायांतून मिळेल. परंतु नळी कुठे अडेल, शेजारची पित्तनलिका भाजेल काय, हे पेशींची बशी सांगत नाही.

उंदीर आणि माणूस यांच्यामधली पायरी काढून टाकायची असेल, तर तिच्या जागी काय ठेवणार ते आधी सांगावे. नाहीतर पहिला मोठा प्राणी ठरेल तो रुग्णच. आणि त्याची दया करणारी समिती कोणी नेमलेली नसेल.