तुरुंगाचा तट मुलांना दाखवा

२४ जुलै १९४३. सांगली संस्थानच्या तुरुंगात वसंतदादा पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावून घेतल्या, तट गाठला आणि थेट खंदकात उड्या टाकल्या. पोलीस मागे लागले. गोळीबार झाला. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबुराव जाधव यांना त्या दिवशी हौतात्म्य आलं. दादांच्या खांद्याला गोळी लागली आणि ते पुन्हा पकडले गेले. पद्माळ्याचा हाच कैदी १९७७ साली राज्याचा मुख्यमंत्री झाला.

हा तुरुंग गणेशदुर्गात आहे. मिरजेच्या घराण्यातून वेगळे होऊन चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी सांगलीला राजधानी केली, तेव्हाचा हा भुईकोट. संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं, दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. तुरुंग मात्र तुरुंगच राहिला. आजही तो जिल्हा कारागृह आहे आणि ऐन बाजारपेठेजवळ असूनही सांगलीकरांना तो आतून कसा आहे याची कल्पना नाही.

साताऱ्याच्या तुरुंगाचीही तीच गत. सप्टेंबर १९४४ मध्ये वाळव्याचे क्रांतिकारक नागनाथअण्णा नायकवडी साताऱ्याचा तुरुंग फोडून निसटले आणि पुन्हा प्रतिसरकारच्या, म्हणजे इंग्रजांना समांतर चाललेल्या लोकांच्या सरकारच्या, कामाला लागले. पकडलेला भूमिगत परत गावात दिसतो, हे पाहून वाळव्याच्या पंचक्रोशीत लोकांना किती बळ आलं असेल! इंग्रजी अंमलाचा धाक जिथे मोडला गेला, त्या या दोन जागा आहेत.

सांगलीचा तुरुंग शहराबाहेर हलवण्याची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. कैद्यांच्या दृष्टीने ते योग्यच आहे. जुन्या, अपुऱ्या जागेत माणसं कोंडणं बरं नव्हे. पण मोकळ्या झालेल्या मोक्याच्या जागेचं काय होतं, हे कुठल्याही शहराला सांगायला नको. तटाच्या जागी व्यापारी संकुल उभं राहिलं, तर १९४३ ची उडी नेमकी कुठे पडली हे दाखवायलाही काही उरणार नाही.

आणि स्थलांतर होईपर्यंत थांबायची तरी गरज काय? येरवडा कारागृहात कैदी असतानाच २६ जानेवारी २०२१ पासून राज्य सरकारने कारागृह पर्यटन सुरू केलं. गांधीजींची कोठडी त्यामुळे विद्यार्थ्यांना पाहता येऊ लागली. सांगली आणि साताऱ्यालाही ती योजना लागू करावी. ठरावीक दिवशी, बंदोबस्तात, एका वेळी एका शाळेची मुलं तटापर्यंत न्यावीत. दोन्ही जिल्ह्यांच्या पालकमंत्र्यांनी यंदाच हा प्रस्ताव गृह विभागाकडे पाठवावा.