आधी हिशेब, मग यंत्र

व्यापारी पेढीवर कीर्द आणि खतावणी यांना पूर्वी गादीजवळ मानाचे स्थान असे. वही भिजू नये, उंदराने कुरतडू नये, परक्याच्या हाती जाऊ नये, याची काळजी घरातील लहानथोर सारेच घेत. आज तीच कीर्द-खतावणी लॅपटॉपमध्ये गेली आहे. मात्र वहीच्या वाट्याला येणारी काळजी लॅपटॉपच्या वाट्याला क्वचितच येते. सात-आठ वर्षे तो गल्ल्याशेजारी धुळीत चालत राहतो आणि एखाद्या महिन्याच्या वीस तारखेला, जीएसटीचे विवरणपत्र भरण्याच्या ऐन दिवशी, मधेच बंद पडतो. पुन्हा सुरू करावा तर कधी निळा पडदा दिसतो, कधी उत्पादकाचे बोधचिन्ह येऊन तेथेच थांबते, तर कधी काहीच दिसत नाही.

अशा वेळी घाबरून दोन गोष्टी केल्या जातात. बटण पुन्हा पुन्हा दाबले जाते; आणि तेवढ्याने भागले नाही, तर कोणा जाणकार म्हणवणाऱ्याला बोलावून ‘फॉर्मॅट करून टाका’ असे सांगितले जाते. या दोन्ही गोष्टी हिशेबाच्या मुळावर येऊ शकतात. यंत्र बाजारात पुन्हा मिळते. सहा वर्षांची उधारी, येणी-देणी आणि बिले बाजारात मिळत नाहीत. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. लॅपटॉप बिघडला, ही सबब त्या वेळी पुरत नाही. म्हणून क्रम ठरलेला असावा : आधी हिशेबाची प्रत, नंतर कारणाचा शोध, आणि दुरुस्ती त्यानंतर.

प्रत कशी काढावी

जुन्या लॅपटॉपमध्ये बहुधा फिरणाऱ्या तबकडीची हार्ड डिस्क असते. ती थकत आली असेल, तर प्रत्येक वेळी सुरू होताना तिची झीज वाढते. टक-टक असा आवाज येत असेल, तर बटण दाबणे तत्काळ थांबवावे आणि डिस्क माहिती परत मिळवून देणाऱ्या अनुभवी कारागिराकडेच न्यावी. आवाज नसेल आणि लॅपटॉप दहा मिनिटे जरी चालत असेल, तरी ती दहा मिनिटे दुसऱ्या कशातही न घालवता टॅलीचा बॅकअप, बिलांच्या फाइली आणि बँकेची विवरणे बाहेरच्या ड्राइव्हवर उतरवून घ्यावीत.

लॅपटॉप सुरूच होत नसेल, तरी हिशेब गेला असे समजू नये. पुष्कळदा यंत्र बिघडलेले असते आणि डिस्क शाबूत असते. ती काढून बाहेरच्या डबीत बसवली आणि दुसऱ्या संगणकाला जोडली, की फाइली जशाच्या तशा दिसतात. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवूनही त्या उतरवता येतात. विंडोजने डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद केली असेल, तर त्याची ४८ आकडी किल्ली लागते. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपलेली असते. ही किल्ली आणि त्या खात्याचा पासवर्ड पेढीतील दोन जबाबदार माणसांना ठाऊक असावा.

प्रत हाती येण्यापूर्वी डिस्क तपासून दुरुस्त करणारी ‘चेकडिस्क’सारखी आज्ञाही देऊ नये. थकलेल्या डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचण्याचे श्रम तिला सोसत नाहीत आणि उरलेसुरले हातचे जाते.

लक्षणावरून कारण

प्रत सुरक्षित झाल्यावर शांतपणे निरीक्षण करावे. एका वहीत तारीख, वेळ, त्या क्षणी चाललेले काम आणि पडद्यावरचा संदेश टिपून ठेवावा. आठवडाभराच्या नोंदीतून बहुतेक वेळा कारण आपोआप पुढे येते. विंडोजमध्येही ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ नावाची अशीच एक रोजनिशी असते. कोणत्या दिवशी काय कोसळले, ते त्यात दिसते.

सुरू केल्यावर वीस-तीस मिनिटांनी, पंखा जोरात फिरू लागल्यावर आणि तळ तापल्यावर लॅपटॉप बंद पडत असेल, तर दोष उष्णतेचा. प्रोसेसर जळू नये म्हणून यंत्र स्वतःच थांबते. वीज गेल्याबरोबर किंवा अडॅप्टरची पिन जराशी हलल्याबरोबर तो बंद पडत असेल, तर बॅटरी संपलेली आहे. वीज जाते त्या क्षणी टॅलीत नोंद चालू असेल, तर ती फाइलही बिघडू शकते. मग ‘टॅली खराब झाली’ असा समज होतो. प्रत्येक काम रेंगाळत असेल आणि कधीमधी ‘बूट डिव्हाइस’ सापडत नाही असा संदेश येत असेल, तर संशय डिस्कवर घ्यावा. वेळीअवेळी, दर वेळी निराळ्या संदेशाचा निळा पडदा येत असेल, तर रॅम तपासावी. त्यासाठी विंडोजमध्येच ‘मेमरी डायग्नोस्टिक’ आहे. तारीख आणि वेळ रोज चुकत असेल, तर आतला लहानसा सेल संपला आहे.

काहीच दिसत नसेल, तेव्हा एक साधा उपाय आधी करावा. अडॅप्टर काढावा, बॅटरी निघण्यासारखी असेल तर तीही काढावी, सुरू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे आणि नंतर केवळ अडॅप्टर लावून यंत्र सुरू करावे. मेलेले वाटणारे कित्येक लॅपटॉप एवढ्यानेच जागे होतात. विंडोज लागोपाठ दोन-तीनदा सुरू होता होता बंद पडली, की दुरुस्तीचा पडदा आपण होऊन येतो. तेथे ‘स्टार्टअप रिपेअर’ करून पाहावे. बिघाड एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला असेल, तर ते अपडेट काढण्याची सोयही तेथेच मिळते. ‘रीसेट’चा पर्याय मात्र प्रत हाती असल्याखेरीज निवडू नये.

एका वेळी एकच बदल करावा. रॅम, डिस्क आणि विंडोज एकाच दिवशी बदलले, तर यंत्र चालेल. पण खरे कारण कळणार नाही आणि खर्च मात्र तिप्पट होईल. एकच बाजू धरून बसल्याने सत्य हाती लागत नाही, ही अनेकांताची शिकवण येथेही उपयोगी पडते. एकाच यंत्रात धूळ आणि थकलेली बॅटरी असे दोन दोष एकत्र नांदत असू शकतात.

सफाई आणि जीवदया

सांगलीच्या हळदीच्या पेठेत हळदीची, कोल्हापूरच्या गूळबाजारात चिकट आणि इचलकरंजीच्या कापडाच्या दुकानात तंतूंची, अशी प्रत्येक धंद्याची आपली धूळ असते. ती पंख्यात आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीत जाऊन बसते. शिवाय पेढीवर लॅपटॉप पुष्कळदा गादीवर किंवा लोडावर ठेवला जातो. त्याची हवा घेण्याची छिद्रे तळाशी असतात. गादीने ती बंद होतात आणि यंत्र गुदमरते. साधा लाकडी पाट खाली ठेवला, तरी हा दोष कमी होतो.

लॅपटॉपची ऊब आणि खाऊचे कण यांमुळे मुंग्या आणि लहान झुरळे आत आश्रय घेतात. म्हणून सफाई करणाऱ्याला आधीच सांगून ठेवावे, की एकदम जोराचा वारा सोडू नका. यंत्र बंद करून, बॅटरी अलग करून, झाकण उघडून उजेडात काही वेळ ठेवावे. जीव असतील ते निघून जातील. मग मऊ ब्रशने हलकेच धूळ काढावी आणि वारा मारायचाच झाला, तर पंख्याचे पाते बोटाने धरून, दुरून मारावा. कीटकनाशकाचा फवारा आत कधीच करू नये. जीवहिंसा होते आणि विद्युतमंडलही खराब होते. साधु-साध्वी आपल्या उपकरणांचे जे नित्य प्रतिलेखन करतात, त्यातील जागरूकता श्रावकाने महिन्यातून एकदा आपल्या यंत्रासाठी दाखवली, तर दोन्ही हेतू साधतील. प्रोसेसरवरचा सुकलेला लेप बदलण्याचे काम मात्र कारागिराकडेच द्यावे.

टचपॅड वर आलेला दिसला किंवा झाकण नीट बसेनासे झाले, तर बॅटरी फुगली आहे असे समजावे. तो लॅपटॉप त्याच क्षणी बंद करावा, चार्जिंगला लावू नये, बॅटरी दाबू किंवा टोचू नये. लिथियमची आग दुकानाला परवडणारी नसते.

दुरुस्ती की नवी खरेदी

अपरिग्रहाचा विचार आणि व्यापाऱ्याचा हिशेब येथे एकाच दिशेने जातात. फिरती डिस्क काढून एसएसडी बसवली, रॅम वाढवली आणि बॅटरी बदलली, तर जुना लॅपटॉप हिशेबाच्या कामाला आणखी काही वर्षे उत्तम चालतो. मुख्य बोर्ड गेला असेल, तर मात्र खर्च सहसा वसूल होत नाही. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि कित्येक जुने लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. असे यंत्र हिशेबापुरते, इंटरनेटशिवाय वापरता येईल; बँकेचे व्यवहार त्यावर करू नयेत. नवे यंत्र घेताना जुने चालू असेल, तोवरच टॅलीचा परवाना त्यावरून मोकळा करून घ्यावा. टाकाऊ यंत्र भंगारवाल्याला देऊ नये. आतली माहिती पूर्ण पुसून, ते ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडे सोपवावे.

एकच प्रत म्हणजे धोका

धरसेनाचार्यांनी आपल्या स्मरणातील श्रुत लोप पावू नये म्हणून ते पुष्पदंत आणि भूतबली यांच्या स्वाधीन केले आणि षट्खंडागम लिपिबद्ध झाला. श्रुतपंचमी त्याच दिवसाची आठवण आहे. त्यावरील धवला टीका पुढे शतकानुशतके मूडबिद्रीच्या ताडपत्रांवरच उरली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद या व्यापारी श्रावकांनी प्रतिलिपीसाठी पुढाकार घेतला. डॉ. हीरालाल जैन यांनी संपादिलेला पहिला खंड १९३९ मध्ये अमरावतीहून छापून निघाला. प्रत नसती, तर छपाईही नसती.

पेढीच्या हिशेबाचेही असेच आहे. एक प्रत लॅपटॉपवर, दुसरी बाहेरच्या ड्राइव्हवर आणि तिसरी दुकानाबाहेर, घरी किंवा क्लाउडवर असावी. ड्राइव्ह सतत जोडून ठेवू नये. व्हायरस आला, तर तोही सापडतो. बॅकअप घेतला एवढ्यावर समाधान न मानता, तो दुसऱ्या संगणकावर उघडून शेवटच्या दिवसाची शिल्लक जुळते का, ते पाहावे. ज्ञानपंचमीला ग्रंथ बाहेर काढून झटकले जातात. कार्तिकातल्या त्या दिवशी आणि ज्येष्ठातल्या श्रुतपंचमीला ही तपासणी केली, तर वर्षातून दोनदा ती आपोआप होईल. दर आठवड्याची प्रत मात्र शनिवारी दुकान बंद करण्यापूर्वी घ्यावी आणि कोणी घेतली, त्याची सही रोजमेळात ठेवावी.