रानातील बिनतारी यंत्र : कोणते घ्यावे व कसे वापरावे

हल्ली शेतकरीवर्गात वॉकी-टॉकी ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, हातात धरून बोलावयाच्या बिनतारी यंत्राची चौकशी वाढू लागली आहे. बटण दाबून बोलावे आणि सोडून ऐकावे, एवढेच त्याचे तंत्र. त्यास मोबाइलच्या मनोऱ्याची गरज नाही व महिन्याचे भाडेही नाही. दुसऱ्या महायुद्धात १९४३ च्या सुमारास अमेरिकन सैन्यात हे यंत्र आले, तेव्हा ते पाठीवर बांधून न्यावे लागे व त्याचे वजन पंधरा किलोंच्या घरात असे. आज ते सदऱ्याच्या खिशात मावते. हे साधन शेतीस उपयुक्त आहे, असे आमचे मत आहे. परंतु ते एकेकट्याने बाजारात जाऊन घेण्याचे साधन नव्हे. शेजाऱ्यांनी मिळून, कायदा पाहून व नियम ठरवून घेण्याचे आहे. आम्ही असे का म्हणतो, ते क्रमाने सांगतो.

प्रथम गरज पाहू. शेतीपंपास वीज आळीपाळीने मिळते; काही दिवस दिवसा, तर काही दिवस रात्री. सौर वाहिन्यांमुळे कित्येक गावांस आता दिवसा वीज मिळू लागली आहे, ही आनंदाची गोष्ट होय. पण जेथे ती सोय पोहोचलेली नाही, तेथे अजून रात्रीच दारे धरावी लागतात. विहीर ओढ्याच्या काठी, शेत वर माळाला, अशी स्थिती अनेकांची असते. एक जण स्टार्टरपाशी, दुसरा वाफ्यावर. मधेच पाइप निसटला, तर वाफ्यावरच्या माणसाने ओरडावे किंवा बॅटरीचा झोत हलवावा आणि खालच्याने तो पाहिला तर पाहिला. त्यातून साप-विंचवाचे भय सर्वत्र आहे, आणि जुन्नरसारख्या ऊसपट्ट्यात बिबट्याचे भय त्याहून मोठे. अशा वेळी एक शब्द पोहोचणे म्हणजे कधी कधी एक जीव वाचणे होय.

कोणी म्हणेल, मोबाइल असता हे नवे लचांड कशास? जेथे मोबाइलचा संपर्क चांगला आहे, तेथे खरोखरच ह्याची गरज नाही. तेथे पैसे खर्चू नयेत. परंतु ओढ्याच्या खोलगट भागात व डोंगराच्या कुशीत मोबाइल मुका होतो, हे ज्याचे त्यास ठाऊक आहे. शिवाय ही दोन साधने एकमेकांची वैरी नव्हेत. रानातल्या माणसाने बिनतारी यंत्रावरून वस्तीवर कळवावे आणि वस्तीवरच्याने मोबाइलवरून ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ ह्या क्रमांकावर मदत मागावी, अशी साखळी बांधली म्हणजे दोहोंचे सार्थक होते. म्हणून जोडीतले एक यंत्र वस्तीवर, मोबाइल चालतो अशाच जागी, जागत्या माणसाजवळ असले पाहिजे. दोन्ही यंत्रे रानात नेली, तर साखळीचे अर्धे बळ गेले.

आता कायद्याचा भाग. ह्याकडे दुर्लक्ष करू नये, अशी आमची वाचकांस आग्रहाची विनंती आहे. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने परवान्यावाचून बिनतारी यंत्र नुसते बाळगणे हाही गुन्हा ठरविला होता, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्याने ते तत्त्व कायम ठेविले आहे. मात्र सरकारने काही पट्टे परवान्यातून मोकळे केले आहेत. २०१८ च्या नियमांप्रमाणे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झ ह्या पट्ट्यात चालणाऱ्या अल्पशक्तीच्या यंत्रांस परवाना लागत नाही. शेतकऱ्यास हाच पट्टा सोयीचा. २७ मेगाहर्ट्‌झच्या आसपासचाही एक पट्टा २००५ पासून मोकळा आहे. पण त्याची लहर सुमारे अकरा मीटर लांब असल्यामुळे हातातील आखूड अँटेना तिला पुरी पडत नाही.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. बाजारात अंकांची बटणे असलेली पाच वॉटची यंत्रे मिळतात. त्यांवर हवा तो आकडा लावता येतो. विक्रेता सांगतो, 'तुम्ही मोकळ्या पट्ट्यावर लावा, म्हणजे झाले.' तसे नव्हे. सवलत आहे ती केवळ मोकळ्या पट्ट्यातच चालणाऱ्या यंत्रास. ज्यावरून दुसऱ्याच्या पट्ट्यात बोलता येते, ते यंत्र परवान्यावाचून घरात ठेवणे धोक्याचेच. न जाणो, पोलिसांच्या किंवा अन्य सेवेच्या बोलण्यात आपला आवाज घुसला, तर यंत्र जाईल, दंड होईल आणि नांगरट सोडून कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील. अशी यंत्रे आंतरजालावरील दुकानांतून सर्रास विकली जात होती, म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ च्या मे महिन्यात विक्रेत्यांसाठी खास मार्गदर्शक सूचना काढल्या. यंत्र कोणत्या पट्ट्यात चालते, त्यास परवाना लागतो की नाही, हे ग्राहकास स्पष्ट सांगणे आता विक्रेत्याचे कर्तव्य आहे. घेणाऱ्याने पट्टा वाचावा, दूरसंचार विभागाच्या मंजुरीचे म्हणजे ईटीए प्रमाणपत्र मागावे, आणि पावती व प्रमाणपत्राची प्रत दप्तरी ठेवावी. ज्याची पावती मिळत नाही, ते यंत्र स्वस्त असले तरी महाग समजावे.

पल्ल्याविषयीही भ्रम फार आहेत. खोक्यावर दहा-पंधरा किलोमीटर छापलेले असते. जमिनीवर उभ्या माणसाच्या दृष्टीस क्षितिज जेमतेम साडेचार किलोमीटरांवर असते, आणि ह्या लहरी बव्हंशी सरळ रेषेतच जातात. मध्ये डोक्याहून उंच ऊस, आमराई किंवा टेकाड आले, तर मोकळ्या पट्ट्यातील अर्ध्या वॉटच्या यंत्रास एक-दोन किलोमीटर पल्ला मिळाला तरी समाधान मानावे. 'मग पाच वॉटचे घेतले तर?' असा प्रश्न येतो. शक्ती दहापट झाली म्हणून पल्ला दहापट होत नाही, आणि आडवा डोंगर तर तिलाही ओलांडवत नाही. त्यापेक्षा बोलणाऱ्याने विहिरीच्या काठावरून उठून बांधावर वा माचाणावर चढावे; हा उपाय फुकटचा व खात्रीचा. अँटेना सरळ उभी धरावी. ती बदलण्याच्या किंवा यंत्रात फेरफार करण्याच्या भरीस पडू नये. मंजुरी असते ती यंत्रास जसे आहे तसे.

बाकी पारख सोपी आहे. हातमोजा घालूनही दाबता येईल असे मोठे बटण, सुटी काढता येणारी बॅटरी, आणि पाण्याचिखलापासून संरक्षण, ह्या तीन गोष्टी पाहाव्या. यंत्रावर 'आयपी ६७' असे लिहिलेले असल्यास धूळ आत शिरत नाही व मीटरभर पाण्यात अर्धा तास पडले तरी चालते, असा त्याचा अर्थ. दारे धरणाऱ्याच्या हातून वस्तू पाण्यात पडणारच, तेव्हा हा गुण चैनीचा नव्हे. खरेदीपूर्वी एक जोडी आपल्या शिवारात नेऊन, ऊस उभा असताना, विहिरीपासून वस्तीपर्यंत बोलून पाहावे. दुकानाच्या दारातली परीक्षा ही परीक्षाच नव्हे.

वापराचे नियम थोडे आहेत, पण ते मोडल्यास अनर्थ होतो. बटण दाबल्यावर क्षणभर थांबून बोलावे आणि शेवटचा शब्द पुरा झाल्यावरच अंगठा उचलावा. आपल्या मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो, हे येथे विसरू नये. 'मोटार चालू करू नका' असे म्हणताना अंगठा लवकर सुटला, तर पलीकडे 'मोटार चालू करू' एवढेच ऐकू जाते! म्हणून नकारार्थी आज्ञा द्यावयाचीच नाही. 'मोटार बंद ठेवा' असे म्हणावे. ऐकणाऱ्याने ते शब्द जसेच्या तसे परत म्हणावे, व परत म्हटल्यावाचून स्टार्टरला हात लावू नये. जागा सांगताना गट नंबर सांगावा, परंतु आकडे सुटे करून. एकोणसाठ व एकोणसत्तर ह्यांत खरखरीमुळे घोटाळा होतो. 'पाच-नऊ' व 'सहा-नऊ' ह्यांत होत नाही. तारेचे वा मोटारीचे काम करणाऱ्याने मात्र यंत्रावरील शब्दावर कधीही विसंबू नये. खटका पाडून, फ्यूज काढून आपल्या खिशात घालावा व मगच हात लावावा.

यंत्रावर 'गुप्त' आकडा असतो, त्याने बोलणे गुप्त होत नाही. आपल्याला इतरांचे ऐकू येत नाही इतकेच. त्या चॅनेलवर कोणीही आपले बोलणे ऐकू शकतो. तेव्हा पाण्याच्या पाळीचे तंटे, देण्याघेण्याच्या गोष्टी व शिवीगाळ यंत्रावर नको. एक जण बोलत राहिला, तर दुसऱ्याची हाक दबते, आणि ती हाक कशाची असेल हे कोणी सांगावे?

ह्यासाठीच आमचे म्हणणे असे की, प्रत्येक चारीवरील शेतकऱ्यांनी किंवा पाणीवापर संस्थेने यंत्रे मिळून घ्यावी. एका खातेदारास जड वाटणारी रक्कम दहा जणांत हलकी होते. सर्वांचा चॅनेल एक ठरतो, बॅटऱ्या भारून ठेवण्याची जबाबदारी पाटकऱ्यावर टाकता येते, आणि यंत्र कोणी कधी नेले व परत केले ह्याची नोंदवही राहते. रात्रीच्या पाळीत दर अर्ध्या तासाने वस्तीवरून हाक द्यावी. दोन हाकांना उत्तर न आल्यास तिसऱ्या हाकेची वाट न पाहता दोघांनी निघावे, असा नियम लिहून ठेवावा. असा नियम एकट्याच्या यंत्रास लागू होऊच शकत नाही, कारण उठून निघणारा कोणी ठरलेला नसतो.

शेवटी एक इशारा. 'यंत्र आहे, आता दोघे कशाला, एकच गडी पाठवू', असा हिशेब काही मालक करतील. हा हिशेब आम्हांस मान्य नाही. यंत्र हाक पोहोचविते. ते साप मारीत नाही, बिबट्यास हुसकावीत नाही, की विहिरीत पडलेल्यास वर काढीत नाही. गडी असो की घरचा मुलगा, रात्री रानात दोघांनीच जावे, आणि यंत्र हे तिसरे समजावे. दुसऱ्या माणसाची मजुरी वाचविण्यासाठी जो हे साधन घेईल, त्याने ते न घेतलेलेच बरे.